निळं आलं

"निळं आलं ना?" इंगवले साहेबांनी विचारलं.

काचेच्या बोटभर नळीत चिमूटभर पांढरी पूड होती आणि तिच्यावर मी गुलाबी द्रावणाचे पाच थेंब सोडले होते. थेंब पुडीला लागले आणि गुलाबीचं गडद निळं झालं. टेबलाभोवती उभ्या असलेल्या चारही पोलिसांना ते दिसलं.

"आलं," मी म्हणाले.

"निळं म्हणजे कोकेन."

"असू शकतं."

"मॅडम, 'असू शकतं' कागदावर कसं लिहितात?" ते हसत म्हणाले. "मला चार वाजता पत्रकार बोलवायचेत. आहे की नाही, तेवढं लिहा."

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, शेवरे पोलीस ठाण्यातली. मी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत सहायक रासायनिक विश्लेषक होते. नोकरीला दोन वर्षं झाली होती. पोलिसांनी संशयास्पद काही पकडलं की आमच्यापैकी एकजण तपासणीची पेटी घेऊन जायचा, जागेवर रंगाची चाचणी करायचा आणि एका छापील कागदावर निष्कर्ष लिहून द्यायचा. त्या दिवशी पेटी माझ्या हातात होती.

पकडलेला माणूस भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. मुरलीधर शेटे त्यांचं नाव. वय सदुसष्ट. गावातल्या धर्मादाय दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर होते. पांढरा सदरा, चष्म्याला मागून काळी दोरी, पायांत रबरी चपला. त्यांच्या घरातून पोलिसांनी अर्धा किलोची एक बरणी आणि साठेक पुड्या उचलून आणल्या होत्या. कुणीतरी खबर दिली होती की म्हातारा पांढरी पूड वाटतो आणि लोक ती घ्यायला लांबून येतात.

"ताई," शेटे म्हणाले, "ते लिग्नोकेन आहे. तोंडाच्या कॅन्सरवाल्यांसाठी. गुळण्या केल्या की तोंड बधिर होतं, मग त्यांना दोन घास गिळता येतात. बरणीवर लिहिलंय बघा."

"लेबल कुणीही चिकटवतं," इंगवले म्हणाले.

"बिल आहे माझ्याकडं. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"कुठायत तुमचे डॉक्टर?"

"गेल्या वर्षी वारले."

कोपऱ्यातला हवालदार हसला. शेटेंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते माझ्याकडंच पाहत होते.

"तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "तुम्हाला कळेल."

मी मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं. 'प्राथमिक रासायनिक चाचणी' या शब्दांपुढं 'कोकेनसाठी सकारात्मक' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. इंगवल्यांनी शाई वाळायच्या आत कागद उचलला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी आली. टेबलावर बरणी, पुड्यांची रांग, मागं इंगवले आणि त्यांचे सहकारी, आणि त्यांच्यामध्ये तोंडावर फडकं बांधलेले शेटे. 'प्रयोगशाळेच्या तज्ज्ञ अधिकारी श्रीमती ढवळे यांनी जागेवरच तपासणी करून अमली पदार्थ असल्याचे स्पष्ट केले,' असं त्यात होतं. माझ्या वडिलांनी ती बातमी कात्रीनं कापून माझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये लावली. मी त्यांना काही बोलले नाही.

नमुने लाखेनं सीलबंद होऊन आमच्याकडं आले. त्यांना क्रमांक पडला आणि ते फळीवर गेले. अमली पदार्थांच्या प्रकरणांना तेव्हा आठ महिने लागायचे. पक्की तपासणी झाल्याशिवाय खटला उभा राहत नाही आणि या कायद्यात जामीन सहजासहजी मिळत नाही. म्हणजे आठ महिने माणूस आत. हे मला ठाऊक होतं. पण फळीवर गेलेल्या डब्याकडं आमच्यातलं कुणी माणूस म्हणून पाहत नसे. मीही पाहिलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी पहारेकरी वर आला.

"मॅडम, शेवऱ्याहून एक बाई आल्यात. केसचं काम आहे म्हणतात, पण केस त्यांची नाही."

मी खाली गेले. फाटकाजवळच्या बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. उन्हानं चेहरा काळवंडलेला, पदर घट्ट खोचलेला. मला बघून उठल्या. हातात स्टीलची एक लहान डबी होती.

"शेटेकाकांची पूड तुमच्याकडं ठेवलीय म्हणं," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी सांगितलं."

"हो. पण तो मुद्देमाल आहे, मावशी. सील केलेला."

"सगळी नको. एक चमचा द्या."

त्यांनी डबी उघडून दाखवली. आत स्वच्छ कागद घातला होता.

"आमच्या मालकांच्या तोंडात कॅन्सर हाय. गवंडीकाम करायचे. सात महिने काकांच्या पुडीवरच दोन घास पोटात गेले. पाण्यात टाकून गुळण्या केल्या की घटकाभर दुखायचं थांबायचं. तेवढ्यात मी पेज पाजायची. आता चाळीस दिवस झाले. पाण्याचा घोट घेतला तरी भिंतीवर डोकं आपटतात."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"शेवऱ्यातला म्हणतो मोठ्या दवाखान्यात न्या. माणूस अंथरुणातनं उठत नाही, एसटीत कसं बसवू? आणि मोठ्या दवाखान्यातनं त्यांनीच घरी न्या म्हणून सांगितलंय."

"मावशी, ती पूड कसली आहे ते अजून ठरलेलं नाही."

"आम्हाला ठरलंय की. रोज खात होतो. तुम्ही लोक चाखून बघता का?"

"नाही. रंग बघतो."

"नुसत्या रंगानं काय कळतं ताई?"

त्यांनी पदराच्या टोकातून घडी केलेलं पेपराचं कात्रण काढलं. तेच, आमच्या घरातल्या फाइलमधलं.

"ह्यात एका मॅडमचं नाव हाय. त्यांनीच सांगितलं म्हणं की ही गर्द हाय. त्या इथंच असतात ना? मला त्यांना भेटायचंय. भांडायला नाही आले. त्यांना समजावून सांगते, मालकांचं कसं झालंय ते."

"आज त्या नाहीत," मी म्हणाले.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. दोन एसट्या बदलून आल्या होत्या, तशाच परत निघाल्या. जाताना नाव सांगून गेल्या, शेवंताबाई गुरव, म्हणजे त्या मॅडम आल्या की मी त्यांना सांगावं. पहारेकरी माझ्याकडं बघत होता. त्याला माझं नाव माहीत होतं.

मी जिना चढून सरळ उपसंचालक गोसावी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, कुणाशी वाकडं न घेणारा माणूस.

"शेवऱ्याचं प्रकरण आधी घ्यायला हवं, सर."

"का?"

"पहिली चाचणी अपुरी आहे. तीन बाटल्यांची चाचणी. मी फक्त पहिली वापरली. दुसऱ्या बाटलीतलं आम्ल टाकल्यावर निळा रंग जायला हवा आणि तिसरीतलं क्लोरोफॉर्म घातल्यावर तळाशी पुन्हा यायला हवा. तेव्हा कुठं कोकेनचा संशय घ्यायचा. नुसता पहिला निळा रंग कशाचाही असू शकतो."

"मग पुढच्या दोन का नाही वापरल्या?"

"तिसरी बाटली कोरडी होती. दिवाळीपासून. तिच्याशिवाय दुसरीचा उपयोग नाही. मी दोनदा मागणी लिहून दिली होती."

साहेबांनी चष्मा काढला. मागणीचे दोन्ही कागद त्यांच्याच टेबलावरून गेले होते. ते उठले आणि मला घेऊन साठवणीच्या खोलीत आले. छतापर्यंत फळ्या होत्या. खाकी पाकिटं, प्लॅस्टिकचे डबे, लाखेचे लाल ठिपके.

"हे बघा ढवळे. तीन हजारांच्या वर आहेत. प्रत्येक डब्यामागं कुणीतरी आत बसलंय. त्यांतले निम्मे तरी म्हणत असतील की आम्ही काही केलं नाही. मी कुणाचा डबा आधी काढू? तुमच्या ओळखीच्याचा?"

"ओळखीचे नाहीत ते. माझ्या सहीमुळं आत आहेत."

"म्हणूनच सांगतोय. तुम्ही स्वतःचाच निष्कर्ष खोडायला निघालात. उद्या तुमची चौकशी लागेल. बाकीच्या चाचण्यांवरही वकील बोट ठेवतील. सगळ्या विभागाची अब्रू जाईल. आठ महिन्यांनी क्रमानं अहवाल गेला की कुणी विचारणार नाही."

"आणि तोवर शेटे?"

"व्यवस्था आहे ही. मी केलेली नाही."

संताप म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. तो माणूस शांतपणे, काळजीच्या सुरात बोलत होता आणि त्याचा प्रत्येक शब्द नियमात बसत होता. मी एरवी हळू बोलणारी. पण तेव्हा माझा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण दारात शिपाई येऊन उभा राहिला.

"कोरड्या बाटलीची पेटी देऊन आपण माणसं पाठवतो, सर. त्या पेटीनं माणूस तुरुंगात जातो. मग तो सुटायला क्रम लागतो. आत घालायला का लागत नाही क्रम?"

"हे सगळं लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं.

मला वाटतं, मी देणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मी तिथंच बसून लिहिलं. माझ्याकडून चाचणी अपूर्ण राहिली, तिसऱ्या बाटलीत द्रावण नव्हतं, अशा स्थितीत सकारात्मक निष्कर्ष देणं चूक होतं, तरी नमुन्याची तातडीनं तपासणी व्हावी. कागद आवक टेबलावर जाऊन त्याच्यावर शिक्का बसला. शिक्का बसलेला कागद साहेबांना दाबता येत नव्हता. तीन दिवस त्यांनी तो टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी मला बोलावलं.

"तुम्हीच करा. मी शेजारी उभा राहणार आहे. सही दोघांची होईल."

आमच्याकडं अवरक्त प्रकाशाचं एक यंत्र होतं. वापरायला सोपं. पूड एका पांढऱ्या क्षाराबरोबर खलात घोटायची, दाबयंत्रात तिची नखाएवढी पारदर्शक चकती करायची आणि ती यंत्रात ठेवायची. यंत्र तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं. प्रत्येक पदार्थ त्यातला आपापला वाटा गिळतो. जिथं गिळतो तिथं कागदावरच्या रेघेला खाच पडते. एका पदार्थाच्या खाचा दुसऱ्यासारख्या नसतात.

कोकेनच्या रेघेला एका ठरावीक जागी दोन खोल खाचा असतात, अगदी शेजारी शेजारी. पेन कागदावर सरकत होतं. मी त्या जागेची वाट पाहत होते. गोसावी साहेब माझ्या खांद्यामागून बघत होते. ती जागा आली आणि पेन सरळ पुढं गेलं.

साहेबांनी कपाटातून संदर्भाची फाइल काढली. लिग्नोकेनचा आलेख शोधून माझ्या कागदावर ठेवला आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. रेघेवर रेघ बसली होती.

घड्याळात पाहिलं तर पूड घोटण्यापासून इथपर्यंत वीस मिनिटं झाली होती. शेटेंना आत जाऊन पंचेचाळीस दिवस झाले होते.

"टाइप करून घ्या," साहेब म्हणाले. त्यांनी सही करताना माझ्याकडं पाहिलं नाही.

आमचा अहवाल बंद पाकिटातून फक्त पोलीस ठाण्याला जातो. आरोपीला नाही, त्याच्या वकिलालाही नाही. पाकीट शेवऱ्याला माणसाहाती गेलं आणि तिथल्या कारकुनाची पोहोच परत आली. मला वाटलं, आता दोन दिवसांत शेटे घरी जातील. आठवडा गेला. मी ठाण्याला फोन लावला.

"अहवाल मिळाला का, साहेब?"

"मिळाला असेल," इंगवले म्हणाले. "सध्या बंदोबस्त चालू आहे. टपाल बघायला वेळ नाही."

"तो माणूस आत आहे."

"मॅडम, तुमचा पहिला कागद माझ्याकडं आहे, त्याच्यावर तुमची सही. आता दुसरा आला म्हणता, त्याच्यावरही तुमचीच सही. मी कुठली सही खरी धरू?"

"दुसरी."

"मग पहिली कशाला केलीत?" आणि त्यांनी फोन ठेवला.

जिल्हा न्यायालयात मी ओळखीच्या एका लिपिकाकडून तारीख काढली. अठ्ठावन्नावा दिवस. उन्हाळी सुट्टी लागायला चार दिवस होते. त्या तारखेला काही झालं नाही तर पुढची तारीख जूनमध्ये.

मी रजा टाकली आणि गेले. पोहोचपावती आणि आलेखाची प्रत पर्समध्ये होती. प्रत बाहेर नेणं नियमाविरुद्ध होतं.

कोर्टात शेटेंना आणलं तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. चष्म्याची दोरी गेली होती आणि एका काचेला तडा होता. सदरा तोच, पण आतला माणूस निम्मा झाल्यासारखा. त्यांच्या बाजूनं सरकारनं दिलेला तरुण वकील उभा होता. तो जामिनासाठी बोलला. सरकारी वकील म्हणाले, प्राथमिक चाचणी सकारात्मक आहे, प्रयोगशाळेचा अंतिम अहवाल यायचा आहे, म्हणून विरोध. न्यायाधीशांनी पेन उचललं.

मी मागच्या बाकावरून उभी राहिले.

"अहवाल आलेला आहे," मी म्हणाले.

सगळे वळले. न्यायाधीश साठीकडं झुकलेले, जाड काचांच्या चष्म्याचे.

"तुम्ही कोण?"

"ढवळे. प्रयोगशाळेतून. पहिली चाचणी मीच केली होती."

"तुम्हाला समन्स आहे?"

"नाही."

"मग बसा. अशी मधे उठायची पद्धत नाही."

"बसते, साहेब. पण ही पोहोच बघा. अहवाल तेरा दिवसांपूर्वी शेवरे ठाण्यात पोहोचलाय. ते कोकेन नाही."

सरकारी वकिलांनी इंगवल्यांच्या हवालदाराकडं पाहिलं. हवालदार दाराकडं पाहू लागला. न्यायाधीशांनी हात पुढं केला. शिपायानं माझ्याकडचे दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी ते सावकाश वाचले आणि ठाण्याला फोन लावायला सांगितला. अर्ध्या तासात उत्तर आलं की पाकीट सापडलं आहे. फोडलेलं नव्हतं.

मग त्यांनी मला पुढं बोलावून शपथ दिली.

"पहिल्या दिवशी ही चूक कशी झाली?"

मी तीन बाटल्यांचं सांगितलं. तिसरी कोरडी होती, ते सांगितलं. हे सगळं मी लेखीही दिलं होतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण शेटे चार हातांच्या अंतरावर उभे होते आणि तडा गेलेल्या काचेतून माझ्याकडं पाहत होते, ठाण्यात पाहिलं होतं तसंच.

"आणखी एक आहे," मी म्हणाले. "ते मी लेखी दिलेलं नाही. लिग्नोकेन त्या पहिल्या द्रावणानं निळं होतं, हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत मी तो प्रश्न सोडवला होता. त्या दिवशी शेटेंनी लिग्नोकेनचं नाव घेतलं, त्याच क्षणी मला कळलं होतं की या निळ्या रंगाला काही अर्थ नाही."

न्यायाधीशांनी मान वर केली.

"कळलं होतं, तरी लिहिलंत?"

"हो."

"का?"

"चार पोलीस उभे होते. निरीक्षकांना घाई होती. मला 'सांगता येत नाही' असं म्हणायचं होतं. ते म्हटलं तर मला काही येत नाही असं त्यांना वाटेल, म्हणून म्हटलं नाही."

न्यायाधीशांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. शेटेंना त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जूनमध्ये प्रकरण बंद झालं.

बाहेर ओट्यावर शेवंताबाई उभ्या होत्या. त्या कोर्टात मागं बसल्या होत्या, हे मला दिसलं नव्हतं.

"त्या मॅडम तुम्हीच," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"लाज वाटली."

"मला नव्हती का वाटत लाज? डबी घेऊन दारात उभी होते."

मी मालकांचं विचारलं.

"त्याच आठवड्यात गेले. गुरुवारी. आज मी काकांसाठी आले, त्यांच्याकडचं कुणी नाही म्हणून."

एवढं बोलून त्या आत गेल्या, जामिनाच्या कागदावर अंगठा द्यायला. शेवऱ्यातून दुसरं कुणी जामीनदार आलं नव्हतं.

पुढं काय झालं ते सांगते. मला लेखी ताकीद मिळाली आणि दोन वर्षं बाहेरच्या कामावर पाठवलं नाही. ते ठीकच होतं. गोसावी साहेब सन्मानानं निवृत्त झाले. इंगवल्यांना न फोडलेल्या पाकिटाबद्दल कुणी प्रश्न विचारला नाही. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाला त्यांना सर्वाधिक अमली पदार्थ पकडल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. यादीत शेवऱ्याची बरणी होती. मी पेपरच्या कचेरीत आलेखाची प्रत घेऊन गेले होते. तिथला माणूस चांगला होता, त्यानं चहा मागवला. "पकडल्याची बातमी होते, मॅडम," तो म्हणाला, "सुटल्याची होत नाही." मी चहा तसाच ठेवून उठले.

ऑगस्टच्या शेवटी मी शेवऱ्याला शेटेंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात कण्हेर. त्यांनी ओळखलं, आत बोलावलं, खुर्ची दिली. नवा चष्मा केला होता. मी क्षमा मागितली. त्यांनी ऐकून घेतली, पण 'असू द्या' म्हणाले नाहीत. म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती, तरी मी क्षणभर थांबले होते, हे कबूल करते.

"पूड पुन्हा सुरू केली असेल ना?" मी विचारलं.

"नाही."

"का? कोर्टानं तर बरणी परत द्यायला सांगितलंय."

"परत आणायला ठाण्यात जावं लागेल." ते हातातल्या पेल्याकडं पाहत म्हणाले. "आणि ती संपल्यावर? पुरवठा करणारा माझा फोन उचलत नाही. गावातले नवे डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत. म्हणाले, काका, मला लेकरंबाळं आहेत. औषध खात्याची नोटीस येऊन पडलीय, परवाना दाखवा म्हणून. एकतीस वर्षं दवाखान्यात केलं तेव्हा परवाना दवाखान्याचा होता. तो दवाखाना आता बंद झालाय."

"मी पत्र लिहून देते. सहीनिशी. तपासणीत काय निघालं ते."

"तुमची सही," शेटे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी नुसता शब्द उचलून पाहिल्यासारखं केलं आणि ठेवून दिला. "नको, ताई."

तेवढ्यात बाहेर कडी वाजली. शेटे उठून दारात गेले. पायरीवर पस्तिशीचा एक माणूस उभा होता, जबड्याला पंचा गुंडाळलेला. त्याचं बोलणं मला कळत नव्हतं, पण शेटेंना कळत होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद आहे रे बाबा," ते म्हणाले. "नाही देत आता."

तो माणूस हातानं तोंडाकडं दाखवत राहिला. शेटेंनी दोनदा मान हलवली. मग ते आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी निघते म्हणाले. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली.

मी बाहेर आले तेव्हा तो माणूस अजून पायरीवरच उभा होता. त्यानं माझ्या हातातल्या पर्सकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. पंचा जरा खाली ओढला आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, कष्टानं विचारलं, "तुम्हाला... दिली का?"